आडबंदरची रांग

आनंदी मोंडकरला गावातला प्रत्येक अंगठा ठाऊक होता. आडबंदरचं रेशन दुकान तिच्या बचतगटाकडे येऊन अकरा वर्षं झाली होती, आणि त्यातल्या निम्म्या सकाळी अंगठ्याच्या मशीनशी भांडण्यात गेल्या होत्या. जाळी ओढून ओढून ज्यांच्या बोटांवरच्या रेघा पार पुसून गेल्या, त्या माणसांना मशीन ओळखायचंच नाही. मग आनंदी त्यांचा अंगठा आपल्या पदराला पुसायची, खोबरेलाचं बोट लावायची आणि म्हणायची, "आता दाबा. जरा जीव काढून दाबा." मशीन किणकिणलं की तिला उगाच आपणच परीक्षा पास झाल्यासारखं वाटायचं. नवरा काविळीने गेल्यापासून या दुकानावरच तिने मुलाला, विनीतला, बारावी केलं आणि गोव्याला हॉटेलात चिकटवून दिलं.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी आधी पर्यटक आटले. दिवाळीला तोंडवलीपासून खाली सगळ्या किनाऱ्यावर खोल्या रिकाम्या राहिल्या, समुद्राखालचे मासे दाखवणाऱ्या होड्या वाळूवर पालथ्या पडल्या. मग बँकांनी हात आखडला. आठवड्याला दोन हजार, मग हजार, मग बाजारातल्या शाखेचं शटर अर्ध्यावर येऊन तिथेच अडकलं. डिझेल मिळेना म्हणून ट्रक येईनात, ट्रक येईनात म्हणून बर्फाचा कारखाना बंद पडला, आणि बर्फ नाही म्हटल्यावर सुरमईसुद्धा दुपारपर्यंत कवडीमोल व्हायला लागली. मासळी होती, घेणारा नव्हता. सकाळी सांगितलेला तेलाचा भाव संध्याकाळी राहत नव्हता. दिल्लीत एका वर्षात तिसरं सरकार पडलं. टीव्हीवर रोज कुणीतरी कुणाच्या तरी अंगावर ओरडत होतं. लोकांनी टीव्ही लावणंच सोडलं.

फेब्रुवारीत विनीत परत आला. हॉटेल बंद झालं होतं आणि शेवटचे तीन पगार बुडाले होते. बांद्यापर्यंत मोटारसायकलने आला, तिथे पेट्रोल संपलं, पुढे कुणाच्या तरी टेम्पोत गाडी घालून घरी पोचला. सत्तावीस वर्षांचा मुलगा. आल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. दाढी वाढली होती. जेवायला हाक मारली तर यायचा, नाही मारली तर यायचा नाही. आनंदी दुकानात धान्य मोजायची आणि डोक्यात एकच विचार, घरी गेल्यावर तो उठलेला असेल का.

एप्रिलात दोन महिन्यांचं रखडलेलं धान्य आलं, तेही निम्मंच. ट्रक थांबायच्या आत सगळा गाव दुकानाशी जमला. आधी बाचाबाची, मग रेटारेटी. कुणीतरी शटर वाकवलं. म्हातारा धोंडू तारी पायरीवरून पडला आणि त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. आनंदी पोत्यांच्या आणि माणसांच्या मध्ये चेपली गेली. तिला श्वास घेता येईना. तिच्या डोळ्यांसमोर जे चेहरे होते ते सगळे ओळखीचे होते, आणि तेच तिला जास्त भयंकर वाटलं. पोलिसांना दोनदा फोन केला. गाडीला डिझेल नाही म्हणून सांगितलं त्यांनी.

तेव्हा दत्तप्रसाद आला. पाण्यावरच्या स्कूटर भाड्याने देणारा, पर्यटकांसाठी खोल्या बांधून देणारा हा कंत्राटदार. त्याचाही धंदा बसला होता. त्याच्याबरोबर वीसेक मुलगे होते, प्रत्येकाच्या मनगटाला पांढरा रुमाल. कुणी काठी उगारली नाही, कुणी शिवी दिली नाही. त्यांनी हातात हात धरून साखळी केली, बायका एकीकडे, पुरुष एकीकडे, म्हातारी माणसं पुढे. दहा मिनिटांत रांग लागली.

"मावशी, तुमी घाबरू नकात," दत्तप्रसाद म्हणाला. "बसा हंय. पाणी घेवा. आता सगळा शिस्तीत होतला."

आनंदीला रडू फुटलं. संध्याकाळी तिने त्या सगळ्या मुलांना घरी बोलावून कोरा चहा पाजला. माजघरात झोपलेला विनीत आवाज ऐकून बाहेर आला, दाराशी उभा राहिला. दत्तप्रसादने त्याच्याकडे बघून नुसतं सरकून जागा केली.

दुसऱ्या दिवशी विनीतने दाढी केली.

किनारा दल असं त्यांनी नाव ठेवलं होतं. पुढच्या दोन महिन्यांत दलाने जे जे केलं त्याला नावं ठेवायला आनंदीला तरी जागा दिसत नव्हती. तालुक्याहून येणारा धान्याचा ट्रक आता त्यांच्या पहाऱ्यात यायचा आणि पुरा यायचा. बंद पडलेली नळयोजना त्यांनी चालू केली. धोंडूला खाटेवर घालून त्यांनीच दवाखान्यात नेलं. आणि विनीत हसायला लागला होता. सकाळी सहाला उठून कपड्यांना इस्त्री करायचा, तीही कोळशाची. "आये, येतंय गो," म्हणून बाहेर पडायचा तेव्हा तिला तो पाचवीत पहिला आलेला मुलगा दिसायचा.

मे महिन्यात दलाने बाजारातल्या बाबूशेटच्या वखारीचं कुलूप फोडलं. आत तेलाचे साठ डबे निघाले. बाबूशेटच्या गळ्यात रिकामा डबा बांधून त्याला बाजारातून फिरवलं. मुलं काठीने डबा वाजवत होती आणि बाबूशेट, पासष्ट वर्षांचा माणूस, प्रत्येक ठोक्याला डोळे मिटत होता. लोक हसले. आनंदीही हसली, तिला दोन लिटर तेल मिळालं होतं. त्या रात्री गावात कितीतरी दिवसांनी मासळी तळल्याचा वास सुटला.

वाटेवर सत्यवान गुरुजी भेटले. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी गावाच्या दोन पिढ्या शिकवल्या होत्या. निवृत्तिवेतन पाच महिने आलं नव्हतं, बायको यशोदा अंथरुणाला खिळलेली. तेल घ्यायला ते आले नव्हते.

"बाबूशेट चोर खरो," ते म्हणाले. "पण पंचनामो कोणी केल्यान? पोलीस खंय होते?"

"पोलिसांचा काय सांगतास गुरुजी! त्या दिवशी दोन वेळा फोन केलंय. गाडीक डिझेल नाय म्हणान सांगितल्यानी."

"ता खरा. तेंच्याकडे डिझेल नाय आनि ह्यांच्या गाडयेंका आसा. ता खंयसून येता, विचारलंस कधी?"

आनंदीला राग आला. दोन घास पोटात जायला लागले तर यांना त्यातही खोट दिसते, असं वाटलं तिला. तेल सावरत ती पुढे निघाली.

त्याच सुमारास दिल्लीत नवं सरकार आलं, आणि त्याने सहा महिन्यांसाठी सगळे खास अधिकार आपल्याकडे घेतले. संसद तेवढा वेळ भरणार नव्हती. गुरुजी पारावर वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवत होते. कुणीतरी म्हणालं, बरं झालं, भांडणं तरी थांबतील. मग वर्तमानपत्रही यायचं बंद झालं. कागद महागला म्हणे.

जूनच्या सुरुवातीला दत्तप्रसाद दुकानात आला. पायताणं बाहेर काढून आत आला, तशी त्याची रीतच होती.

"मावशी, वही जरा बघूया? कोणाचा नाव चुकान ऱ्हवला नाय मां, ता बघूक होया."

आनंदीने वही दिली. नुसती दिली नाही, शेजारी बसून एकेका घराची माहिती सांगितली. कोण कुठून आलं, कुणाची सासुरवाडी कुठली, कुणाची भाडेकरू माणसं कुठल्या मुलखातली. गावाची खडानखडा माहिती आपल्यालाच आहे याचं तिला कौतुक होतं. दत्तप्रसाद ऐकत होता आणि मधूनमधून एका नावापुढे बारीकशी खूण करत होता. उठताना त्याने तिला वाकून नमस्कार केला.

पुढच्या वाटपाला धान्य थोडं कमी आलं, आणि त्या दिवशी सुभद्रा आली. ही गावातलीच मुलगी, गणपत खवळ्याची. अठरा वर्षांपूर्वी धनबहादूर नावाचा एक नेपाळी खलाशी गावातल्या ट्रॉलरवर कामाला आला. इतर खलाशी पावसाळ्यात आपल्या मुलखात गेले तसा तो गेला नाही, सुभद्राशी लग्न करून इथेच राहिला. मालवणी तो विनीतपेक्षा चांगली बोलायचा. त्यांची रिया दुसरीत होती.

सुभद्राने अंगठा दाबला. मशीन पहिल्या फटक्याला किणकिणलं. आनंदीने माप उचललं, तेवढ्यात दाराशी यादी घेऊन उभ्या असलेल्या विनीतने मान हलवली.

"ती लिस्टीत नाय."

"नाय कशी? कार्डार नाव आसा माझा," सुभद्रा म्हणाली. "आनंदीवयनी, तुमी सांगा तेका. माझो बापूस हंयचो. माझी आवस हंयसरच मेली."

"घरवालो बाहेरचो आसा," विनीत म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. एखाद्या गिऱ्हाइकाला खोली शिल्लक नाही म्हणून सांगावं तसा होता.

रांगेतल्या माना पोत्यांकडे वळल्या. पोत्यांत धान्य किती उरलंय ते सगळ्यांना दिसत होतं. आनंदीने माप खाली ठेवलं.

"फाल्या ये गो," ती म्हणाली. "मी बघतंय."

ती बघणार काय होती! पण दुसऱ्या दिवशी दुपारी तिने पाच किलो तांदूळ टोपलीत घातले, वर सुक्या बांगड्यांची रास पसरली आणि टोपली सुभद्राच्या मागच्या दारी पोचवली. पुढच्या आठवड्यात पुन्हा. त्याच्या पुढच्या आठवड्यातही. तिसऱ्या खेपेला परत येताना पाणंदीच्या तोंडाशी विनीत उभा होता. त्याने रिकामी टोपली तिच्या हातातून घेतली, आत हात घातला, आणि बोटाला लागलेला तांदळाचा दाणा तिच्यासमोर धरला. मग टोपली घेऊन तिच्या पुढे चालत घरी आला.

"आये, तू माका खोट्यात पाडतलंस."

"ता चेडू दुसरीत शिकता रे. तुका मामा म्हणता."

"माका म्हायत आसा." तो खाटेवर बसला. "गोव्यात आठ वर्षां लोकांच्यो बॅगा उचललंय. एकान तरी माझा नाव धड घेतला? ए बॉय, ए भाई. हंय माका विचारल्याशिवाय ट्रक सुटना नाय. दत्तादादान विश्वासान लिस्ट दिल्यान माझ्याकडे. आनि माझीच आवस टोपल्येतसून तांदूळ नेता."

"तेंका उपाशी मारूचा काय मगे?"

"मी कोणाक मारतंय? मी नुसती लिस्ट बघतंय."

आनंदीने टोपली उचलून कोपऱ्यात ठेवली. तो खोटं बोलत नव्हता, हेच तिला जड गेलं. त्याला खरोखरच तसं वाटत होतं.

ऑगस्टात देवळाच्या मांडावर, म्हणजे गावबैठकीच्या मंडपात, ग्रामसभा भरली. एरवी ग्रामसभेला वीस माणसं जमवता जमवता पुरेवाट व्हायची. त्या दिवशी बसायला जागा नव्हती. दलाची मुलं चारी बाजूंना उभी. सरपंच खुर्चीत होते पण नजर पायांच्या अंगठ्याकडे. ठराव दत्तप्रसादने ओट्यावरून वाचला. सभेत तो मालवणी बोलत नसे.

"यापुढे धान्य दलाच्या कार्डावरच मिळेल. ज्यांचं मूळ गाव आडबंदर नाही त्यांनी आठ दिवसांत आपापल्या मुलखात जावं. आणि ऑक्टोबरात होणारी पंचायतीची निवडणूक परिस्थिती सुधारेपर्यंत घेऊ नये. तोपर्यंत गावचा कारभार दलाची समिती बघेल. असे एकूण तीन भाग. ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करावेत."

सत्यवान गुरुजी उठले. खांबाला धरून उठावं लागलं त्यांना.

"तिन्ही एकत्र का?" त्यांनी विचारलं. "धान्य शिस्तीत वाटा, माझा हात वर आहे. माणसं हाकलायला माझा हात नाही. आणि निवडणूक थांबवायचा अधिकार या सभेला कायद्याने नाही. आज परिस्थिती वाईट म्हणून तुम्ही मत देणं सोडून देताय. उद्या परिस्थिती सुधारली की नाही, हे कोण ठरवणार? हेच ठरवणार. निदान चिठ्ठ्या टाकून मत घ्या. कुणी काय दिलं ते कुणाला कळता कामा नये."

"बसा गुरुजी, जेवणाचो वेळ झालो," मागून कुणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला.

दत्तप्रसाद हसला नाही. तो खाली उतरून आला आणि गुरुजींच्या पाया पडला. "गुरुजी आमचे दैवत," तो सभेकडे वळून म्हणाला. "त्यांनी शिकवलं म्हणून आम्ही आज उभे आहोत. पण एप्रिलात धोंडूआबा पायरीवरून पडले तेव्हा कायदा कुठे होता? चिठ्ठ्यांनी पोट भरत नाही. आणि ज्याच्या मनात काळंबेरं नाही, त्याला हात वर करायला लाज कसली?"

हात वर व्हायला लागले. आधी पुढच्या ओळीतले, मग एकमेकांकडे बघत बाकीचे. विनीत खांबांमधून फिरत हात मोजत होता. आनंदी बायकांच्या बाजूला बसली होती. तिने मनाशी विचार केला, हात वर केला नाही तर दुकान जाईल. दुकान गेलं तर सुभद्रासारखीला मूठभर तांदूळ तरी कोण देईल? म्हणजे सुभद्रासाठीच हात वर करायला हवा. हा हिशोब तिला त्या घटकेला अगदी चोख वाटला. तिने हात वर केला. विनीत तिच्यासमोर येऊन क्षणभर थांबला, मोजलं, पुढे गेला.

सभा उठल्यावर माणसं मोठमोठ्याने बोलत घरी गेली, जत्रेहून निघाल्यासारखी.

आठव्या दिवशी सकाळी दलाने टेम्पो आणला. कुडाळ स्टेशनपर्यंत सोडायचं, पुढे ज्याने त्याने आपलं बघायचं. आजूबाजूच्या वाड्यांतली मिळून चौदा माणसं होती. चिरेखाणीवरचं एक कुटुंब, दोन गवंडी, नारळ काढणारा एक म्हातारा, आणि धनबहादूर, सुभद्रा, रिया. सुभद्रा जन्माने गावची, तिने राहिलं तरी चालेल असं दलाने उदारपणे कळवलं होतं. ती नवऱ्याशेजारी चढून बसली.

धनबहादूर आनंदीजवळ आला. "वयनी, येतंय," म्हणाला. जाताना 'येतंय' म्हणायचं, हे तो इथेच शिकला होता.

रिया दप्तर पाठीला लावून बसली होती. तिने विनीतला हात केला. विनीत नावांवर खुणा करत होता. त्याने वर बघितलं आणि पुन्हा खाली बघितलं. टेम्पो निघाला. त्यांचं पुढे काय झालं ते कुणालाच कळलं नाही. आनंदीने दोनतीनदा सुभद्राचा नंबर लावून बघितला. नंतर तिला नंबर लावायचीच भीती वाटायला लागली.

टेम्पो गेल्यावर धान्य पुरेल अशी सगळ्यांची समजूत होती. ते काही पुरलं नाही. ट्रक पुन्हा निम्मा येऊ लागला. गावात आता बाहेरचं कुणी उरलं नव्हतं, म्हणून दोष द्यायला आतलं कुणीतरी शोधणं भाग होतं.

चतुर्थी आली. दर वर्षी भजनी मंडळ वाडीतल्या घरोघरी जाऊन आरत्या म्हणायचं. त्या वर्षी दलाची मुलं मंडळात पुढे होती. पहिल्या संध्याकाळी आनंदी मंडळाबरोबर फिरत होती. गुरुजींचं अंगण सारवलेलं होतं, समई दिसत होती, आणि गुरुजी करंज्यांचं ताट घेऊन पायरीवर उभे होते. मंडळ फाटकाशी आलं. मृदंगवाल्याचा हात जरा मंदावला. पुढच्या मुलाने मान हलवली आणि सगळी माणसं ठेका न सोडता पुढच्या घराकडे वळली. आनंदीही वळली. मागे बघायचा धीर झाला नाही तिला. आतून यशोदाकाकूंचा आवाज आला, "अहो, इले काय ते?" गुरुजींनी काय उत्तर दिलं ते मृदंगात ऐकू आलं नाही.

गणपती गेले आणि वाटपाच्या नव्या यादीत सत्यवान गुरुजींच्या नावावर तांबडी रेघ होती.

गुरुजी स्वतः रांगेत आले. कापडी पिशवी घडी करून काखेत, आपला नंबर येईपर्यंत निमूट उभे. ऊन चढलं होतं. नंबर आला तेव्हा त्यांनी आपण होऊन अंगठा पुढे केला. मशीन किणकिणलं.

"गुरुजी, तुमचा नाव कापलेला आसा," विनीत म्हणाला.

गुरुजींनी चष्मा वर केला आणि त्याच्या हातातली यादी निरखली. "अक्षर तुझाच मां ह्या?" ते म्हणाले. "सुधारला रे. 'र' अजून तसोच काढतंस."

विनीतच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "दोन ओळी लिवन देवा गुरुजी," तो हळू आवाजात म्हणाला. "सभेत बोललंय ता चुकला, इतक्याच. दत्तादादा मानतलो. मी सांगतंय तेका."

"चुकला काय, ता सांग. लिवन देतंय."

विनीतने यादीची कड दुमडली. गुरुजी थोडा वेळ वाट बघत थांबले. खरंच उत्तराची वाट बघत होते ते, वर्गात बघायचे तशी. मग त्यांनी पिशवीची घडी पुन्हा घालायला घेतली, आणि आनंदी उठली.

तिने काही ठरवलं नव्हतं. तिने गुरुजींच्या हातातून पिशवी ओढून घेतली, उघडली आणि पोत्यात माप खुपसलं.

"मशीनान अंगठो घेतल्यान," ती म्हणाली. "मशीनाक कळता तो कोण ता, तुका कळना नाय?"

"आये, ठेव."

"यशोदाकाकूक पेज लागता. घरात तांदळाचो दाणो नाय तेंच्या, माका म्हायत आसा. ह्या हातांनी तुका..."

"आये, माप खाली ठेव. सगळे बघतत."

"बघूं देत!"

तिने दुसरं माप ओतलं. विनीतने पिशवीचा बंद धरला. तिने सोडला नाही. दोघांच्या ओढाताणीत जुनं कापड टरकन फाटलं आणि तांदूळ फरशीवर पसरले. त्याने आईच्या हातातलं माप काढून घेतलं. जोर लावला नाही. तिच्या मनगटाभोवती बोटं धरली आणि तिचं एकेक बोट मापावरून सोडवलं.

आनंदीने रांगेकडे बघितलं. साठ-सत्तर माणसं होती. तिने ज्यांचे अंगठे पदराला पुसले होते ती माणसं. धोंडू तारी होता, वाकडा जुळलेला खांदा घेऊन. गुरुजींनी शिकवलेली माणसं मोजायला गेलं तर म्हातारे सोडून सगळीच. कुणी पुढे आलं नाही. कुणी गुरुजींकडे बघितलंही नाही. मागून एक बाई म्हणाली, "आटपा गो लवकर, ऊन लागता."

गुरुजी फाटकी पिशवी घेऊन पायऱ्या उतरले. ते गेले तशी रांग एक पाऊल पुढे सरकली.

दुसऱ्या दिवशी दत्तप्रसाद घरी आला. पायताणं बाहेर काढून.

"मावशी, तुमी दमलास," तो म्हणाला. "अकरा वर्षां केलात. आता इसावो घेवा. समीक्षा बघतली दुकान, तुमच्याच गटातली ती. किल्ली देवा माझ्याकडे." जाताना त्याने विनीतच्या पाठीवर हात ठेवला. "असो झील मिळाक भाग्य लागता."

आनंदीने किल्ली दिली. त्याच किल्लीसाठी तिने हात वर केला होता.

पुढचे काही दिवस ती आपल्या ताटातला भात काढून ठेवायची आणि संध्याकाळी परसातून गुरुजींच्या मागच्या दारी न्यायची. यशोदाकाकू अंथरुणावरून हात जोडायच्या. पाचव्या दिवशी गुरुजींनीच तिला दारात अडवलं. त्यांच्या पडवीच्या कौलांवर आदल्या दिवशी दगड आले होते.

"तू येव नको आनंदी. माझ्यासाठी नाय सांगणंय. तुझ्या घरातच मोजणारो आसा."

"माझो झील आसा तो गुरुजी."

"म्हणानच सांगतंय," गुरुजी म्हणाले आणि डबा मात्र घेतला, कारण आत यशोदाकाकू भुकेल्या होत्या.

विनीत हल्ली घरी फक्त जेवायला यायचा. घरचं धान्य तोच आणायचा, पूर्वीपेक्षा थोडं जास्तच. आईशी वाकडं बोलायचा नाही. एकदा तिला ताप आला तर कपाळावर मिठाच्या पाण्याची पट्टी ठेवून सकाळभर बसला होता. ती डोळे मिटून पडली होती आणि तिला कळत नव्हतं की हा हात आणि यादी लिहिणारा हात एकच कसा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी तो लवकर आला. ती मागच्या दारी पावसात सादळलेली कोकमाची सोलं उन्हात घालत होती.

"आये, फाल्या मांडार मोठी सभा आसा. जिल्ह्यातसून माणसा येतली. दिल्लीतल्या सरकारान सहा म्हयन्यांची तीन वर्षां केल्यान, तेच्यासाठी हात वर करूचे आसत. सगळ्या गावात एकाच येळाक."

आनंदीने सोलांवरून हात फिरवला. "माझा काय काम थंय?"

"घरटी सगळ्यांनी येवचा आसा. हजेरी घेतत."

"आनि नाय इलंय तर?"

विनीत दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. अंगावर इस्त्रीचा शर्ट, दाढी गुळगुळीत. भिंतीकडे तोंड करून पडणारा तो मुलगा कुठेच उरला नव्हता, आणि आनंदीला त्या क्षणी वाटलं, तो तसाच पडून राहिला असता तर बरं झालं असतं. असलं काही आईच्या मनात यावं याचीच तिला भीती वाटली.

"नाय इलंय, तर माझा नाव कोण लिवतलो?" तिने विचारलं.

 तो आत गेला, तिची धुतलेली निळी साडी दोरीवरून काढली, नीट घडी केली आणि तिच्या खाटेवर ठेवली.

"धा वाजता घेवक येतंय तुका," तो म्हणाला. "तयार ऱ्हव."